थकलेला पीएफ आणि लक्ष्मीपुरीतले काका: एका सल्लागाराच्या कामाबद्दल

कोल्हापुरात पीएफ आणि ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) चालू काम करून देणारे भरपूर आहेत. महिन्याचं चलन काढायचं, नव्या कामगाराचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, काढायचा, एवढं कुणीही करून देतं. पण आठ महिन्यांचं थकलंय, पैसे कामगारांच्या पगारातून कापून घेतलेत आणि भरायला खात्यावर शिल्लक नाही, अशा वेळी कुणाकडे जायचं? मार्च २०२५ मध्ये मी हाच प्रश्न घेऊन फिरत होते. ज्यांनी आम्हाला यातून बाहेर काढलं, त्या लक्ष्मीपुरीतल्या सल्लागारांबद्दल हे लिहितेय. आपलं नाव जाहीर लिहू नये ही त्यांची अट. हातात आहेत तेवढी कामं नीट करायची, जास्त घ्यायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ती अट मी पाळते. त्यांनी काम कसं केलं ते मात्र सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्ही ज्यांच्याकडे जाल त्यांना काय विचारायचं हे तुम्हाला कळेल.

आमचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आम्ही टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून परत पाठवतो. कामगार २४, त्यातल्या दोघी इन्स्पेक्शनला. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, उद्यमनगरात एका लेथवर धंदा सुरू केला आणि शिरोलीपर्यंत आणला. फेब्रुवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. यजमान नोकरीला बाहेरगावी. फर्ममध्ये मी कागदावर भागीदार होतेच, मार्चपासून रोज शॉपवर जायला लागले.

पहिलाच पगार वाटून झाला आणि आमचे सगळ्यात जुने टर्नर केबिनच्या दारात थांबले. मोबाईल पुढं केला. म्हणाले, "वहिनी, हे बघा की. जुलैपासनं एक रुपाय पडल्याला न्हाई. पोरीच्या लग्नाला ह्यातनंच काढायचं ठरवलंय मी." उमंग अ‍ॅपवरचं पासबुक होतं. शेवटची नोंद जून २०२४ च्या पगाराची. त्यांच्या पगाराच्या स्लिपवर मात्र दर महिन्याला १,८०० रुपये कापलेले, एकही महिना न चुकता.

कपाटातल्या फायली काढल्यावर चित्र स्पष्ट झालं. दोन फौंड्रींकडे आमची बिलं अडकलेली, अण्णांची तब्येत दिवाळीपासूनच ढासळलेली, आणि त्यांचा ज्यांच्यावर भरवसा होता त्या आधीच्या हिशोबनिसांनी पगार, वीजबिल आणि टूलिंगवाल्याचं देणं भागवून पीएफ दर महिन्याला पुढं ढकललेला. तेही काम सोडून गेलेले.

पहिल्यांदा मी ज्या सल्लागाराकडे गेले, त्याने दहा मिनिटांत तोडगा सांगितला. मस्टरवर १९ च माणसं दाखवायची, म्हणजे पीएफ लागूच होत नाही. बाकीच्यांना कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर टाकायचं आणि मागचं "जमवून" घ्यायचं. त्यासाठी रोख किती लागेल तेही सांगितलं. मी चहा तसाच ठेवून उठले. त्या टर्नरकाकांचे कापलेले पैसे या असल्या जमवाजमवीत कुठं गेले असते?

लक्ष्मीपुरीचा पत्ता उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्यांनी दिला. धान्य बाजाराच्या बाजूला जुनी इमारत, दुसरा मजला, अरुंद जिना. खोलीत दोन टेबलं, दोन मदतनीस मुली, भिंतभर फायली. काका साठीच्या पुढचे. फायली उघडायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "या आठ महिन्यांत तुमच्याकडचं कोणी दगावलंय का? कोणी काम सोडून गेलंय का? कोणाच्या घरी बाळंतपण, ऑपरेशन काही आहे का?"

मला आधी या प्रश्नांचा रोखच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. पीएफच्या चलनातच अर्धा टक्का ईडीएलआय विम्याचा असतो. नोकरीत असताना कामगार गेला तर त्या विम्यातून वारसांना ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. ईएसआयसीत सहामाहीत ७८ दिवसांचं योगदान भरलेलं असेल तरच पुढच्या लाभकाळात आजारपणाचा भत्ता मिळतो. म्हणजे चलन थकलं की सरकारची रक्कम थकते हे खरं, पण त्याच वेळी कुणाच्या तरी घरचा आधार लटकतो. तो कुणाचा लटकलाय हे आधी बघायचं, आकडे मग. माझ्या दृष्टीनं त्या प्रश्नातच त्यांची परीक्षा झाली.

मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं "कामगारांचं", उजवीकडे "आपलं". आमचे सगळे कामगार १५,००० च्या मर्यादेवर पीएफ भरतात, त्यामुळे हिशोब सरळ होता. २४ जणांचे ३,६०,००० रुपये. त्यावर १२ टक्के कामगारांचे, म्हणजे ४३,२००. तेवढेच मालकाचे. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, उरलेले ३.६७ टक्के कामगाराच्या खात्यावर. शिवाय ईडीएलआयचे १,८०० आणि प्रशासकीय शुल्काचे १,८००. एका महिन्याचं चलन ९०,००० रुपये. जुलै ते फेब्रुवारी, आठ महिने, ७,२०,०००.

डाव्या बाजूच्या आकड्याखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली. "हे पैसे तुमचे कधी नव्हतेच," म्हणाले. "उजवीकडचं तुमचं कर्ज समजा. डावीकडची ठेव आहे, ती वापरली गेलीय." कायदासुद्धा तसंच मानतो, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. पगारातून कापून न भरलेली पीएफची रक्कम हा फौजदारी विश्वासघाताचा विषय होऊ शकतो. आधी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. त्याखेरीज पीएफचे वसुली अधिकारी बँक खातं गोठवू शकतात, आणि आपल्याला ज्यांच्याकडून येणं आहे त्या गिऱ्हाइकांकडून परस्पर वसूल करू शकतात. घाबरवण्यासाठी सांगितलं असं वाटलं नाही. काय होऊ शकतं ते एकदा पूर्ण सांगितलं आणि त्यावर पुन्हा बोलले नाहीत.

यानंतरचा भाग सगळ्या छोट्या कारखानदारांनी लक्ष देऊन वाचावा असा आहे. उशिरा भरलेल्या पीएफवर दोन वेगळ्या रकमा लागतात. तेव्हाच्या पीएफ कायद्याच्या कलम ७क्यू खाली वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, आणि कलम १४बी खाली दंडात्मक नुकसानभरपाई. १४बी चे दर पूर्वी उशिराप्रमाणे चढत जायचे, सहा महिन्यांच्या पुढे वर्षाला २५ टक्के. जून २०२४ मध्ये ते बदलले. तेव्हापासून महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला १ टक्का. आमची सगळी थकबाकी त्या बदलानंतरची. म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला २४ टक्के.

"तुमच्या सीसीचं व्याज किती?" काकांनी विचारलं. सीसी म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट. मी म्हटलं, ११ टक्क्यांच्या आसपास. "मग कारखान्यातलं सगळ्यात महाग कर्ज हे आहे. बँकेचं नाही." टूलिंगवाल्याला थांबवता येतं, बँकेकडे मर्यादा वाढवून मागता येते. इतकी साधी गोष्ट, पण ती समोर कागदावर आल्याशिवाय पटत नाही. रोज जो फोन करतो त्याचं देणं आपण आधी देतो. पीएफ फोन करत नाही, म्हणून तो मागे पडतो.

दुसरा फटका आयकराचा होता आणि तो व्याज-दंडापेक्षा मोठा निघाला. कामगारांचा हिस्सा मुदतीत, म्हणजे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरला नाही, तर त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे तो मालकाचं उत्पन्न धरला जायचा आणि नंतर भरला तरी खर्च म्हणून वजा मिळत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हे पक्कं केलं. मालकाच्या हिश्शाचं तसं नाही. आयकर रिटर्नच्या मुदतीआधी भरला तर तो त्याच वर्षी वजा मिळतो. आमचा कामगार-हिस्सा आठ महिन्यांचा ३,४५,६००. भागीदारी फर्मला ३० टक्के कर आणि वर सेस, म्हणजे लाखाच्या पुढे. काका म्हणाले, "हा गेला. ह्याच्यावर आता इलाज नाही. माझ्याकडून तशी आशा लावून घेऊ नका." असं स्पष्ट सांगणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

पैसे उभे कसे करायचे, हे खरं तर सल्लागाराचं काम नाही. तरी त्यांनी एक वाट दाखवली. आमच्याकडे उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, आम्ही सूक्ष्म उद्योगात मोडतो. अशा उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांच्या आत द्यायला हवं, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आयकराच्या तेव्हाच्या ४३बी(एच) प्रमाणे, मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चच्या आत दिलं नाही, तर खरेदीदाराला ते त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नव्हतं. मार्च चालू होता. काकांनी मला दोन्ही फौंड्रींना पत्र लिहायला लावलं: नम्र, एका पानाचं, उद्यम क्रमांक आणि बिलांची यादी जोडून, धमकीचा एक शब्द नाही. एका फौंड्रीचे ३१ मार्चच्या आत सगळे पैसे आले. दुसरीकडून हप्त्याहप्त्यानं आले, पण आले. उरलेलं बँकेने सीसीची मर्यादा वाढवून दिलं.

आता क्रम. मला वाटायचं, आधी कामगारांचा हिस्सा भरू, मालकाचा नंतर. पण चलन एकत्रच निघतं, दोन्ही हिस्से सुटे करता येत नाहीत. "महिना निवडायचा, हिस्सा नाही," हे त्यांचं वाक्य. आणि महिना निवडताना सगळ्यात आधी चालू महिना. मार्चच्या पगाराचं चलन १५ एप्रिलच्या आत गेलंच पाहिजे, नाहीतर मागचं भरता भरता पुढचं थकतं आणि माणूस त्या चक्रातून कधीच सुटत नाही. त्यानंतर जुने महिने, सगळ्यात जुन्यापासून. १५ एप्रिलच्या आत आम्ही मार्च आणि त्याबरोबर जुलै ते नोव्हेंबर असे पाच महिने भरले. १५ मेच्या आत एप्रिल आणि उरलेले तीन. १५ तारखेचा हट्ट का, तर १४बी महिन्याच्या भागालाही पूर्ण टक्का लावतं. १६ ला भरलं तर एका दिवसासाठी प्रत्येक चलनावर ९०० रुपये जादा.

प्रत्येक पैसा आमच्या फर्मच्या खात्यावरून, आमच्या लॉगिनवरून, माझ्या डिजिटल सहीनं गेला. काकांनी एक रुपयाही स्वतःच्या खात्यावर घेतला नाही. पहिल्या चलनाच्या वेळी त्यांनी मला शेजारी बसवून माझ्याच मोबाईलवर चलनाचा टीआरआरएन क्रमांक टाकायला लावला. चलनाची स्थिती लॉगिनशिवायसुद्धा बघता येते. पैसे पोचल्याचं स्वतः बघितल्याशिवाय सल्लागाराच्या छापील कागदावर विश्वास ठेवायचा नाही, माझ्यासुद्धा, असं त्यांनी बजावलं. चलन तयार होणं वेगळं आणि चलन भरलं जाणं वेगळं. छापून आणलेल्या, पण न भरलेल्या चलनांवर वर्षभर निश्चिंत राहिलेले कारखाने त्यांनी बघितलेत.

आणि एक गोष्ट केली, जी मी सांगितली नव्हती आणि फीमध्ये धरलेली नव्हती. एका दुपारी शिफ्ट बदलताना ते शिरोलीला आले. कामगार सगळे गोळा झाले होते, काहीजण अजून कूलंटच्या हातानं. काकांनी कुठला महिना कधी भरला जाणार याचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून आणला होता. तो नोटीस बोर्डावर लावला आणि वाचून दाखवला. कुणीतरी मागून विचारलं, "आणि ह्यो महिनाबी ऱ्हायला तर?" ते म्हणाले, "तर मला फोन करायचा. नंबर खाली लिवलाय. वहिनी भरलेलं चलन दर महिन्याला हितंच लावतील. न्हाई लागलं तर समजायचं भरलं न्हाई." माझ्यासमोर बोलले, मला न विचारता बोलले, आणि मला ते आवडलं. तेव्हापासून भरलेलं चलन बोर्डावर लागतं. पहिल्या जुन्या महिन्याची नोंद पासबुकात आली त्या दिवशी शॉपमध्ये मोबाईल या हातातून त्या हातात फिरत होते. टर्नरकाकांनी लग्नासाठी आगाऊ रक्कम मागितली. सात वर्षांपेक्षा जास्त सभासद असल्यामुळे त्यांना स्वतःच्या हिश्शातले निम्म्यापर्यंत काढता येत होते. पैसे लग्नाच्या आधी त्यांच्या खात्यावर आले.

ईएसआयसीचं काम लहान होतं, पण त्याला तारखेची घाई होती. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ते लागू, कामगाराचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के. ऑक्टोबर ते मार्च ही सहामाही संपल्यावर ४२ दिवसांत तिचं योगदान भरून झालं नाही, तर काम किचकट होतं. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत काकांनी ते आधी उरकून घेतलं. आमच्या एका हेल्परच्या बायकोचं ऑपरेशन व्हायचं होतं. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात मी हेच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

व्यवसाय कराचं रिटर्न वर्षातून एकदा, आमच्यासारख्यांना ३१ मार्चच्या आत. ते तपासताना त्यांच्या मदतनीस मुलीनं एक गोष्ट पकडली. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर लागत नाही. आमच्या इन्स्पेक्शनच्या दोघींचे मात्र दर महिन्याला २०० रुपये कापले जात होते आणि फेब्रुवारीत ३००. त्या वर्षाचे प्रत्येकी २,५०० आम्ही परत दिले. दोघींना ते कापलं जातंय एवढंच माहीत होतं, लागत नाही हे माहीत नव्हतं. चोवीस कामगारांच्या कारखान्यात हे कुणी बघतही नाही. त्या मुलीनं बघितलं.

फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करण्याच्या) कॉन्ट्रॅक्टरचा टीडीएसही कापून ठेवलेला आणि न भरलेला निघाला. तिथं काकांनी हात वर केले: हे माझं काम नव्हे, तुमच्या सीएंकडे आजच्या आज जा. कापून न भरलेल्या टीडीएसवर महिन्याला दीड टक्का व्याज आणि विवरणपत्र उशिरा गेलं तर दिवसाला २०० रुपये, एवढं सांगून फाईल बाजूला ठेवली. आपल्याला येत नाही त्या कामाची फी न घेणं हाही मी चांगल्या सेवेचाच भाग समजते.

पुढे पीएफ कार्यालयाकडून व्याज आणि नुकसानभरपाईची नोटीस आली, सुनावणीची तारीख लागली. नोटिशीबरोबर महिन्यागणिक तक्ता असतो. काकांनी मार्चमध्येच स्वतःचा तक्ता करून ठेवला होता: ७क्यू चे ३५,१०० आणि १४बी चे ३५,१००, मिळून ७०,२००. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट फिरवत मला दाखवलं. जुळत होते. अण्णांच्या आजारपणाचे कागद जोडले, पण मला आधीच सांगितलं होतं की हेतू वाईट नव्हता एवढ्यावर १४बी सुटत नाही, फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिलेला आहे. आम्ही पूर्ण रक्कम भरली. सुनावणीला मी स्वतः हजर राहावं हा त्यांचा आग्रह. मालकानं दिसायला हवं, म्हणाले.

आता जे पटलं नाही तेही लिहिते. काकांचं बोलणं कडक आहे. पहिल्या भेटीत रडू यायची वेळ आली होती आणि त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं करून आकडे वाचणं तसंच चालू ठेवलं. संध्याकाळी सहानंतर फोन उचलत नाहीत, नोटीस हातात असली तरी नाही. दोन मजले चढावे लागतात, लिफ्ट नाही. अण्णांसारख्या माणसाला तिथं नेणं अशक्य, आणि घरी येऊन सह्या घ्यायची त्यांची पद्धत नाही, त्यामुळे आमचे काही कागद रेंगाळले. लक्ष्मीपुरीत दुपारी चारचाकी लावायला जागा मिळत नाही. सगळ्यात जास्त त्रास यूएएनमधल्या दुरुस्त्यांचा झाला. तीन कामगारांची नावं आधारशी जुळत नव्हती, कुणाच्या वडिलांचं नाव चुकलेलं, कुणाची जन्मतारीख. ते काम मदतनीस मुलींवर सोपवलेलं होतं आणि महिनोन् महिने पडून राहिलं. मी मागं लागले तेव्हा हललं. काकांनी पहिल्या दिवशी कामगारांची जी काळजी दाखवली, ती या कामात दिसली नाही, आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उरलेलं काम स्वतः पूर्ण केलं.

फी थकबाकीच्या पूर्ण कामाची २५,००० ठरली, दोन टप्प्यांत, चेकनं, पावतीसह. त्यानंतर महिन्याला ३,५०० मध्ये चालू काम. स्वस्त नाही. निम्म्या दरात करणारे आहेत. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये कामगार संहिता लागू झाल्या तेव्हा त्यांचाच फोन आला, पगारपत्रक घेऊन या म्हणून. नव्या व्याख्येप्रमाणे मूळ पगार आणि महागाई भत्ता सोडून बाकीचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर जादाचा भाग पगारात धरायचा. आम्ही १५,००० च्या मर्यादेवर भरत असल्यामुळे पीएफला फरक पडला नाही, ग्रॅच्युइटीच्या तरतुदीला पडतो. ती तरतूद किती वाढवायची हे त्यांनी त्याच बैठकीत काढून दिलं, वेगळी फी न घेता.

कुणाला माहिती हवी असेल तर उद्यमनगरात किंवा शिरोलीत जुन्या मशीन शॉपवाल्यांना लक्ष्मीपुरीतले पीएफवाले काका विचारा, सांगतील. महिन्याच्या १० ते १५ तारखेत जाऊ नका, त्या दिवसांत ते चलनांच्या गडबडीत असतात आणि नव्या माणसाला बसवतच नाहीत. १६ नंतर सकाळी जा. जाताना मस्टर, गेल्या १२ महिन्यांची पगारपत्रकं, बँकेचा उतारा आणि पीएफ-ईएसआयसीचं लॉगिन ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून ते आधी ताब्यात घेऊन जा. आमचं लॉगिन गेलेल्या हिशोबनिसांच्या मोबाईल नंबरला जोडलेलं होतं, आणि तो नंबर बदलून घेण्यातच मार्चचा बराच काळ गेला.